मानसशास्त्राच्या मुलांकडून हाताने गणितं करून घेणं थांबवा

म्हापसेकरीण:
मी एमएच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवते. पेपरात अजून टी-चाचणी (दोन गटांच्या सरासरींतला फरक तपासणारं गणित) कॅल्क्युलेटरवर सोडवायला येते. अर्धा तास बेरजा-वर्गमुळं, मग 'शून्य परिकल्पना (म्हणजे 'फरक नाहीच' हे गृहीतक) अमान्य' लिहून मोकळे. त्याचा अर्थ विचारला की वर्ग गप्प. पी-व्हॅल्यू 0.03 आली की लघुप्रबंधात सरळ लिहितात, 'आमची परिकल्पना खरी असण्याची शक्यता 97 टक्के.' साफ चूक! मुळात फरकच नसता, तर एवढा किंवा याहून मोठा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता 3 टक्के, एवढंच ती सांगते. जामोवी हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आकडेमोड त्याला करू दे, वाचलेला वेळ अर्थ समजावण्यात घालवू.

डिचोलीचा मास्तर:
अजिबात पटलं नाही, मॅडम. नैराश्याच्या पीएचक्यू-9 प्रश्नावलीवर पाच जणांचे गुण घ्या: 4, 5, 6, 7, 8. सरासरी 6. आता टाइप करताना 8 चा 80 झाला. सरासरी 20.4! म्हणजे अख्खा गट 'तीव्र नैराश्या'त. जामोवी हूं की चूं न करता तक्ता छापून देईल. या प्रश्नावलीत 27 च्या वर गुण जातच नाहीत, हे हाताने बेरीज करणाऱ्याला लगेच खटकतं. मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, मात्र 6 चा 6 राहतो. तो का हलत नाही, हे मुलाला कागदावरच उमगतं.

म्हापसेकरीण:
सर, ती चूक आलेख काढला तरी दिसते. चाचणीआधी आलेख सक्तीचा करा. त्यासाठी वर्गमुळं कशाला?

फोंड्याची वाचक:
मला समुपदेशनच करायचं आहे. मला यातलं कितपत लागणार?

ताळगाव पठार:
ताई, कोणती उपचारपद्धत खरंच लागू पडते, हे शोधनिबंध वाचूनच ठरवावं लागेल ना? मग लागणारच.

बाकी तुम्ही दोघं फार पुढच्या पायरीवर वाद घालताय. घोळ माहिती गोळा करतानाच होतो. आपल्याच कॉलेजातली तीसेक मुलं, व्हॉट्सॲपवर फिरवलेला गूगल फॉर्म, आणि शीर्षक 'गोव्यातील युवकांमधील चिंता'! दोन गटांतला मध्यम फरक (कोहेनचा डी 0.5, म्हणजे सरासरींतला फरक प्रमाण विचलनाच्या निम्मा) पकडण्याची 80 टक्के खात्री हवी, तर प्रत्येक गटात 64 जण लागतात. 2015 मध्ये मानसशास्त्रातले 100 अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी 97 टक्क्यांत निकाल सार्थ (पी-व्हॅल्यू 0.05 च्या खाली) होता, पुन्हा केल्यावर 36 टक्क्यांतच. त्या मूळ संशोधकांना काय आकडेमोड येत नव्हती?

आणि उदाहरणं परदेशातली कशाला? 'संगाथ' या मानसिक आरोग्यात काम करणाऱ्या संस्थेने आपल्याच गोव्यात 12 सरकारी आणि 12 खाजगी दवाखान्यांत 'मानस' चाचणी केली. 2010 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. गावातल्या साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केलं होतं. सहा महिन्यांनी नैराश्य-चिंतेतून बरे झालेले, एकूण: समुपदेशन गटात 65.0 टक्के, ते न मिळालेल्या गटात 52.9. छान वाटतं. पण फोड करून बघा. सरकारीत 65.9 विरुद्ध 42.5, खाजगीत 64.1 विरुद्ध 65.9. सगळा फायदा सरकारी दवाखान्यांतला! हा तक्ता तासभर वर्गात चालवा.

डिचोलीचा मास्तर:
हे तर माझ्याच बाजूचं झालं. सरकारीत 23.4 चा फरक, खाजगीत उणे 1.8. कागदावर वजाबाकी केली की डोळ्यांत भरतं. शिवाय तिथे कोण कोणत्या गटात जाणार हे ठरवायला चिठ्ठ्या रुग्णांच्या नव्हत्या टाकल्या, दवाखान्यांच्या टाकल्या होत्या. एका दवाखान्यातले रुग्ण थोडेफार एकमेकांसारखेच असणार. ते विसरून साधी चाचणी लावली, तरी संगणक उत्तर देतोच, आणि पी-व्हॅल्यू फसवी लहान येते. विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते) स्वतः मांडलेल्या मुलालाच हे समजवता येतं.

म्हापसेकरीण:
दवाखान्यांचा मुद्दा एकदम मान्य. हा तक्ता मी वर्गात घेणार. पण तीन तासांच्या पेपरातला अर्धा तास वर्गमुळांना देणं अन्यायच आहे. अभ्यास मंडळाला पत्र लिहितेय, सही कराल?

डिचोलीचा मास्तर:
पहिल्या सत्रात हाताने राहू द्या, दुसऱ्यापासून काढा. तसं लिहिलंत तर करतो.

ताळगाव पठार:
नमुना किती घ्यायचा यावर एक सक्तीचा प्रश्न घाला, मग माझीही सही घ्या.