चोर्ला घाटातला किंदळ: फोटो आणि अभिप्राय

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर चोर्ला घाटात काढलेले तीन फोटो जोडतेय. कॅनडातला भाचा दरवर्षी मेपलचे फोटो पाठवतो आणि मग घरात ठरलेलं वाक्य येतं, गोव्यात पानगळीचे रंग नाहीत. मला ते पटत नाही. साखळीहून केरी ओलांडून घाट चढायला लागलं की नोव्हेंबरात डोंगर कसा तांबूस दिसतो! पहिला फोटो त्याच डोंगराचा, दुसरा एका फांदीचा, तिसरा वळणावरच्या धुक्याचा. पहिल्याचे रंग थोडे वाढवलेत. मोकळेपणाने सांगा.

साखळीहून, आपली ताई

*

ताई,

दुसऱ्या फोटोपासून सुरुवात करतो, कारण तो फार सुंदर आहे. तुमच्या फांदीवर जे तांबूस दिसतंय ती पानं नाहीत, किंदळाच्या झाडाची फळं आहेत. नीट मोठं करून बघा. प्रत्येक फळाला पातळ पापुद्र्यासारखे पंख, एक मोठा आणि दोन छोटे. माट्टीच्या, म्हणजे आपल्या राज्यवृक्षाच्या, फळाला पाच पंख असतात आणि ते साधारण सारखे. किंदळाची पानं या दिवसांत हिरवीच असतात, रंग चढतो तो फळांच्या घोसांना. मेपलचं तसं नाही. तिकडे दिवस लहान होतात, रात्री गार पडतात, पानातलं हरितद्रव्य विरतं आणि लाल रंगद्रव्य तयार होतं. आपल्याकडे पानं गळतात ती कोरड्या दिवसांमुळे, सागाची आणि माट्टीची तर बरीच नंतर.

म्हणूनच पहिल्या फोटोतले वाढवलेले रंग खटकले. किंदळाचा रंग गंजासारखा, त्यात तपकिरी आणि गुलाबी दोन्ही. तुम्ही त्याला मेपलचा लाल केलात. घोस एकमेकांत मिसळून नुसता डाग झाला, खालची पानं पोपटी चमकायला लागली. मूळ फाइल असेल तर ती पाठवा, मला खात्री आहे ती अधिक चांगली असेल. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडानुसार रंग जुळवणारं सेटिंग, ऑटोवर ठेवू नका, ऊन असं जे सेटिंग असतं ते लावा. नाहीतर कॅमेरा तो तांबूसपणा दोष समजून पुसायला बघतो.

उजेडाचं मात्र सविस्तर सांगायला हवं. घाटाचे गोव्याकडचे उतार पश्चिमेला तोंड करून आहेत, सकाळी ते सावलीत असतात. डोंगर काढायचा तर दुपारी चारनंतर, ऊन तिरकं झालं की. फांदी मात्र सकाळी काढा, सूर्य तिच्या मागे ठेवून. पंख पातळ असतात, उजेड आरपार जातो आणि शिरा दिसतात. पानांवरची चकाकी कमी करायला लेन्सवर पोलरायझर हा फिल्टर लावा.

तिसऱ्यात खालचा कठडा आणि ट्रकचा कोपरा कापून टाका.

फोंड्याहून, काका

*

काका, बाकी सगळं मान्य, पण ट्रक राहू दे. धुक्यातला त्याचा पिवळा दिवा नसेल तर त्या फोटोत नजर टेकायला जागाच नाही. आणि बेळगावचा हा रस्ता आहे, ट्रक नसलेला चोर्ला आम्ही तरी पाहिलेला नाही. कठडा मात्र कापावा, तो वाकडा आलाय.

म्हापशाहून

*

काका, मूळ फाइल जोडलीय. तुमचं बरोबर, घोस वेगवेगळे दिसतात आणि मधल्या हिरव्यामुळे डोंगराला खोली आली. ट्रक ठेवतेय, कठडा कापला. फळं वाऱ्यावर उडून जायच्या आत येत्या रविवारी पुन्हा जायचंय. यायचं असेल त्यांनी दुपारी तीनला केरीला भेटा, म्हणजे चारपर्यंत वर पोहोचू. कुणाकडे सदुसष्ट मिलिमीटरचा पोलरायझर असेल तर घेऊन या, माझ्या लेन्सला तोच बसतो.

ताई