१९६६ ची एमजीबी: शॉकअप आणि वायरिंग दोन्ही एकदम काढू का?

तारेवरची_कसरत (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९६६ ची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे. इंजिन १७९८ सीसी, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार बाकी सगळ्याची.

खड्डा गेला की मागची बाजू तीनदा उठबस करते. वळणावर गाडी होडीसारखी कलते. पुढून उजव्या बाजूने ठक-ठक येतं, पण ब्रेक दाबून खड्ड्यात घातली तरीही येतं, म्हणून गोंधळ आहे. रात्री हेडलाइट म्हणजे समईचा उजेड, आणि इंडिकेटर दिला की डॅशचे दिवे त्याच्या तालावर मंद होतात. परवा अर्धा तास अंधारात चालवली तर लाइटचा स्विच हाताला चक्क गरम लागला. आधीच्या मालकाने डॅशखाली जे जोडलंय ते सगळं एकाच लाल वायरने. कुठली कशाची, देव जाणे.

ठरवलंय असं: चारही चाकांना टेलिस्कोपिक (नळकांड्याच्या) शॉकअपचं किट, सगळीकडे पॉलियुरेथेन बुश (सांध्यातल्या रबरी गाद्यांऐवजी कडक प्लॅस्टिकच्या), गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा. वायरिंग पूर्ण नवं, अर्थ (बॅटरीचं बॉडीला जोडलेलं टोक) पॉझिटिव्हचं निगेटिव्ह करून डायनॅमोऐवजी अल्टरनेटर, आणि १०० वॉटचे बल्ब (हे आणून झालेत). तीन महिने गाडी घोड्यांवर (उचलून ठेवायच्या स्टँडवर) राहिली तरी चालेल. दोन्ही कामं एकदम काढावीत का?

ढिला_बोल्ट

एकदम नको. मी काढली होती. माझी १९६५ ची. तीन महिन्यांचे चौदा झाले, आणि शेवटी गाडी खाली उतरली तेव्हा आवाज तसाच होता. एवढं सगळं बदललं होतं की संशय कोणावर घ्यायचा तेच कळेना.

तुमची यादी वाचून वाटलं, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. आधी घोडं कुठे पेंड खातंय ते बघा.

ठक-ठक. पुढचं चाक उचला, वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. खेळ गेला तर व्हील बेअरिंग. राहिला तर किंगपिन (ज्याच्याभोवती पुढचं चाक वळतं तो दांडा), त्याच्या खालचा पिन किंवा खालच्या आर्मचे बुश. तुमचा आवाज ब्रेक दाबूनही येतो म्हणता, तेव्हा माझी पैज दुसऱ्यावर. किंगपिनला प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निपल असतात. ग्रीस मारताना चाक हवेत असू द्या. भार असताना मारलं तर ते जिथे जायला हवं तिथे जात नाही, बाजूने बाहेर येतं आणि आपल्याला वाटतं भरलं.

शॉकअप. या गाडीचे लिव्हर आर्म, म्हणजे तेलाने भरलेली पेटी आणि तिला एक हात. पुढे हा हातच सस्पेन्शनचा वरचा आर्म असतो. हे नीट लक्षात घ्या, कारण किट बसवलं तरी पुढची जुनी पेटी जागेवरच राहते. तिचा दांडा घासलेला असेल तर चाकाचा खेळही राहतो, फक्त शेजारी एक चकचकीत नळकांडं येतं. मी ते केलंय, म्हणून सांगतो.

आधी तेल बघा. पेटीवर प्लग असतो. उघडण्याआधी आजूबाजूची माती ब्रशने खरवडून पुसा, एक खडा आत गेला तर व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. मी २० डब्ल्यूचं फोर्क ऑइल वापरतो. भरा, हात वर-खाली करा, परत भरा, बुडबुडे थांबेपर्यंत. मागच्या पेटीची लिंक सोडून हात फिरवलात तर दोन्ही दिशांना पूर्ण फेरीभर जड लागला पाहिजे. मध्येच मोकळा पडला तर हवा किंवा व्हॉल्व्ह. दांड्यापाशी तेल ओघळत असेल तर मात्र पेटी दुरुस्तीला द्यावीच लागते.

गाडी कलते ते शॉकअपने फारसं थांबत नाही. पुढे अँटीरोल बार (दोन्ही चाकांना जोडणारा, कलणं रोखणारा दांडा) आहे का, खाली वाकून बघा. सुरुवातीच्या रोडस्टरना तो सगळ्यांना नसायचा. आणि खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा कशाला? १९७४ च्या शेवटी रबर बंपर आले तेव्हा गाडी उंच केली गेली, तो सल्ला त्या गाड्यांसाठी फिरतो. तुमची आधीच खाली आहे, अजून खाली गेली तर सायलेन्सर रस्ता झाडेल.

आता माझं पाप. मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) नवे टाकले, त्यांच्या पुढच्या डोळ्याचा बोल्ट अॅक्सल लोंबकळत असतानाच पिळून घट्ट केला. गाडी उतरवली तर मागून छान उंच! नवे पाटे म्हणून मी खूश. प्रत्यक्षात बुशचं रबर पिळलं गेलं होतं आणि तेच स्प्रिंगसारखं गाडी उचलून धरत होतं. काही आठवड्यांत करकर सुरू झाली. काढून बघतो तर रबर लोखंडी नळीपासून सालीसारखं सुटलेलं. रबर चिकटवलेले बुश असतील तिथे बोल्ट नुसते लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, थोडी दाबून सोडायची आणि मग शेवटचा पिळ.

निळी_तपकिरी

वायरिंगचं मी सांगतो. नवं हार्नेस (वायरींचा तयार जुडगा) मागवण्याआधी एक मल्टिमीटर घ्या.

हेडलाइट लावा. मीटरची एक तार बॅटरीच्या लाइव्ह (अर्थ नसलेल्या) टोकाला, दुसरी पेटलेल्या बल्बच्या लाइव्ह टोकाला. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेत मेले. मग अर्थची बाजू: बॅटरीचं अर्थ टोक ते बल्बची काळी वायर. कुठेही अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर जोड शोधायचे. उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताने बदलतो, म्हणजे १० टक्के व्होल्ट कमी झाले की ३० टक्के उजेड गेला.

या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट स्विचमधून जातो, मध्ये ना रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) ना फ्यूज. ५५ वॉटचे दोन म्हणजे ९ अँपिअर. १०० चे लावले तर १६ च्या वर. स्विच आत्ताच गरम होतोय, त्यात ते बल्ब म्हणजे आगीला आमंत्रण. शिवाय डायनॅमो देणार २२ अँपिअर, तेही इंजिन वेगात फिरत असताना. सिग्नलला उभे राहिलात की सगळं बॅटरीवर.

रिले जरूर बसवा, फीड फ्यूजमधून घ्या. पण तुमची गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे. आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेला रिले छापील खुणांप्रमाणे जोडलात तर डायोड उलटा पडून थेट शॉर्ट. बिनडायोडचा घ्या, नाहीतर रिलेच्या ८५ आणि ८६ नंबरच्या टोकांची अदलाबदल करा. पॉझिटिव्ह अर्थ हा काही आजार नाही, त्याच्यासाठी अल्टरनेटर घालायची गरज नाही.

लाल वायरींचा गुंता सोडवायला मूळ रंग पाठ करा: तपकिरी कायम लाइव्ह, पांढरी किल्लीनंतर, हिरवी किल्ली आणि फ्यूजनंतर, जांभळी कायम लाइव्ह पण फ्यूजनंतर, काळी अर्थ. जिथे रंग सोडून लाल सुरू होते तिथे मागच्या मालकाचा हात. फ्यूजवर ३५ लिहिलेलं दिसेल. तो आकडा उडण्याचा आहे, सतत तो १७ च झेपवतो. हल्लीचा ३५ चा फ्यूज तिथे घातलात तर आधी वायर जळेल.

आणि हात घालण्याआधी सीटमागच्या ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांची अर्थची तार सोडा. 

पाना_नं_१३

वरच्यांशी सहमत, फक्त पॉलियुरेथेन सरसकट नको. खालच्या आर्मला एमजीबी जीटी व्ही८ चे बुश घाला. आत लोखंडी नळी असलेले, रबरच, पण दोन तुकड्यांच्या मूळ बुशपेक्षा खूप टिकतात. ढिला_बोल्ट यांचा शेवटचा पिळ यांनाही लागू.

तारेवरची_कसरत

रविवारी मोजलं. बॅटरी १२.४. लाइव्ह बाजूला १.७ गेले, अर्थला ०.८. म्हणजे बल्बपर्यंत ९.९ पोचत होते! अर्थची वायर ग्रिलमागे एका स्क्रूखाली होती आणि स्क्रूखाली तीन थर रंग. पत्रा चमकेपर्यंत घासला: ०.८ चे ०.१ झाले. इंडिकेटरचा नाचही बंद. लाइव्ह बाजूचे बुलेट जोड (गोळीसारख्या टोकाचे वायरीचे जोड) एकेक काढून साफ करतेय, दोन तर हिरवट पूड झालेले निघाले.

ब्रेकची परीक्षा केली, खेळ राहिला. उजव्या खालच्या आर्मचा बुश काढला तर रबराचा हातात भुगा. व्ही८ चे मागवले. १०० वॉटचे बल्ब खोक्यातच आहेत, कोणाला हवेत का विचारणार होते, पण आता तेही नको वाटतं.

मागच्या डाव्या पेटीचा प्लग मात्र जागचा हलत नाहीये. माती खरवडली, ब्रश मारला, भेदक तेल घालून रात्रभर ठेवलं. हळूच ठोकू की गरम करू?

ढिला_बोल्ट

गरम अजिबात नको, आत तेल आहे. आधी घट्ट करायच्या दिशेने किंचित हलवा, मग उलट. पाना पूर्ण बसणाराच वापरा, षटकोन गोल केलात तर पेटीच काढावी लागेल.