मुळा आणि कोबीचा संकर
खाली मुळा, वर कोबी असं एकच झाड का करत नाहीत, असं कुणीतरी विचारलंय. केलं होतं की! रशियात कार्पेचेंको या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात. मुळा आणि कोबी, दोघांची गुणसूत्रं (पेशीतले आनुवंशिक गुण वाहणारे धागे) १८-१८. संकरातही १८च, पण मुळ्याच्या ९ आणि कोबीच्या ९ गुणसूत्रांच्या जोड्याच जमेनात, म्हणून झाडं जवळपास वांझ. चुकूनमाकून थोडं बी धरलं, त्यातून ३६ गुणसूत्रांची, म्हणजे प्रत्येक गुणसूत्राला जोडीदार असलेली झाडं आली आणि ती मात्र छान फळली. खायला म्हणाल तर ना धड गड्डा, ना धड मुळा! याउलट ब्रोकोली आणि गाय लान (चिनी ब्रोकोली) यांचा संकर सहज जमतो, कारण मुळात दोन्ही एकाच प्रजातीतले.