मुलीला पीडब्ल्यूएचएलपर्यंत जायचंय: पगार, कॉलेज आणि पासपोर्ट

ब्रॅम्प्टनकर
मुलगी नववीत, यू15 डबल-ए (15 वर्षांखालच्या मुलींचा स्पर्धात्मक स्तर), डिफेन्समध्ये खेळते. महिलांच्या व्यावसायिक आइस हॉकीत, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या पीडब्ल्यूएचएल लीगमध्ये, जायचं तिच्या डोक्यात पक्कं आहे. यावर पोट भरतं का? आतापासून काय हाताशी ठेवायचं? नागरिकत्व कॅनडाचं, सोबत ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड. आजोबांचा आग्रह आहे की भारताकडून खेळू दे. ते जमेल का?

निळी_रेघ
आधी पैसा. लीग आणि खेळाडू संघटना यांचा करार जुलै 2031 पर्यंतचा आहे. 2024 च्या पहिल्या हंगामात किमान पगार 35,000 अमेरिकी डॉलर होता. तो वर्षाला 3 टक्के वाढतो, म्हणजे 2025-26 ला साधारण 37,130. किमान पगारावर एका संघात नऊपेक्षा जास्त जणी ठेवता येत नाहीत, आणि निदान सहा जणींना तीन वर्षांचा, वर्षाला 80,000 किंवा वरचा करार द्यावाच लागतो. वर घरभाड्याला महिना 1,500. टोरोंटोत किंवा बोस्टनमध्ये एवढ्यात भागतं; शिल्लक विचारू नका. खालच्या फळीतल्या मुली उन्हाळ्यात कोचिंग करतात ते त्यासाठीच.

खरा प्रश्न जागांचा आहे. 2025-26 च्या हंगामात आठ संघ होते, प्रत्येकी 23 खेळाडू. त्याखाली तीन राखीव, ज्या सराव करतात आणि कोणी जखमी झालं तर थोड्या दिवसांच्या करारावर आत येतात. 2025 च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नव्या खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) जगभरातून 48 जणी निवडल्या गेल्या. त्यात स्थैर्य कमी. महिलांच्या आधीच्या लीग बघा: सीडब्ल्यूएचएल 2019 मध्ये बंद पडली, पीएचएफ 2023 मध्ये विकत घेऊन गुंडाळली आणि खेळाडूंचे करार रद्द झाले. आताची लीग भक्कम वाटते, पण तिथेही 2025 मध्ये सिअ‍ॅटल-व्हँकुव्हर हे नवे संघ आले तेव्हा जुन्या संघांना सुरुवातीला तीन-तीनच खेळाडू राखता आले. बोस्टनची कॅप्टन हिलरी नाइट त्या तिघींत नव्हती. ती सिअ‍ॅटलला गेली. म्हणून पदवी हवीच.

टेपवाली_स्टिक
पदवीचा आणि लीगचा रस्ता बहुतेकींसाठी एकच: एनसीएए (अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांची संघटना), त्यातला सर्वात वरचा स्तर डिव्हिजन वन. दहावी संपल्यावर 15 जूनपासून प्रशिक्षक भरतीबद्दल थेट बोलू शकतात. त्याआधी ईमेलला उत्तर नाही आलं तर खट्टू होऊ नका, नियमच तसा आहे. मेल वाचले जातात. सामन्यांचं वेळापत्रक, जर्सी नंबर आणि गुणपत्रिका पाठवत राहा.

व्हिडिओ तीन-चार मिनिटांचा, पुरे. खेळ सुरू होण्याआधी चित्र क्षणभर थांबवून तिच्याभोवती गोल काढा, नाहीतर बघणारा दहा सेकंद तिला शोधण्यात घालवतो. डिफेन्सवाल्या मुलींचे पालक हमखास गोलांची माळ लावतात; ती कोणी बघत नाही. हे दाखवा: मागे वळून पक (खेळाची चकती) उचलण्याआधी ती खांद्यावरून बघते का, अंगावर दोघी आल्या असताना पहिला पास स्वच्छ जातो का, आणि समोरून येणारीशी अंतर निळ्या रेषेच्या (मैदानाचे भाग पाडणारी रेषा) आधी कमी करते की मागे सरकत गोलीच्या (गोलकीपरच्या) मांडीवर जाऊन बसते. एखादी फसलेली चाल आणि त्यानंतरची तिची धावही राहू द्या.

अभ्यासात घोळ होतो तो विषय निवडताना. 16 मूळ विषय लागतात, त्यातले 10 बारावी सुरू होण्याआधी, आणि त्या 10 पैकी 7 इंग्रजी, गणित, विज्ञानातले. एनसीएएच्या यादीत नसलेला विषय, गुण कितीही असोत, मोजला जात नाही. यादी आत्ताच तपासा. अकरावीत कळून उपयोग नाही.

ब्रॅम्प्टनकर
आयव्ही लीगमधून (हार्वर्ड, येलसारख्या नामांकित विद्यापीठांतून) विचारणा झाली तर?

टेपवाली_स्टिक
तिथे खेळाची शिष्यवृत्ती नसतेच. उत्पन्न बघून मदत मिळते, ती कधीकधी दुसरीकडच्या अर्धवट शिष्यवृत्तीपेक्षा बरी पडते. आधी त्यांच्या वेबसाइटवरच्या मदतीच्या कॅल्क्युलेटरवर आकडा काढा. कॅनडातच यू स्पोर्ट्समध्ये (तिथल्या विद्यापीठांच्या स्पर्धांत) खेळली तर खेळाची मदत शिकवणी आणि सक्तीच्या फीपुरतीच.

निळी_रेघ
खेळाबद्दल एक राहिलं. मुलींच्या हॉकीत बॉडीचेकला (अंगाने धडक देण्याला) बंदी, आणि पीडब्ल्यूएचएलमध्ये बोर्डलगत (मैदानाभोवतीच्या भिंतीलगत) पकसाठी अंगावर जाणं बऱ्यापैकी चालतं. कॉलेजातून आलेल्या मुली तिथेच अडखळतात: बोर्डपासून हातभर दूर, पाठ करून उभ्या राहतात. धक्का बसला की डोकं आपटतं. एकतर बोर्डला चिकटून, नाहीतर पुरतं लांब. गुडघे वाकलेले, स्टिक खाली. हे आत्ताच अंगवळणी पडू दे. शिवाय तिथे शिक्षेमुळे एक खेळाडू कमी असलेल्या संघानं गोल केला की त्यांची शिक्षा तिथेच संपते. त्यामुळे पॉवर प्लेवर (समोरच्यांची एक खेळाडू कमी असताना) निळ्या रेषेवर उभ्या डिफेन्सवालीची एक चूक दुप्पट महाग पडते.

लेहची_थंडी
आजोबांसाठी: ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्ट लागतो, आणि भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणजे कॅनडाचं सोडावं लागेल. मोह समजतो, 2025 मध्ये अल ऐनला झालेल्या आशिया चषकात आपल्या मुलींनी कांस्य आणलं. संघ मुख्यतः लडाखचा, काही जणी स्पितीच्या, आणि नैसर्गिक बर्फ हिवाळ्याचे जेमतेम दोन-तीन महिने. पण व्यावसायिक लीगमध्ये निवड क्लब करतो, तिथे देशाचा संघ बघत नाहीत. उन्हाळ्यात लडाखच्या मुलींसाठी वापरलेली स्केट्स आणि गोलीचे पॅड गोळा करून पाठवलेत तर आजोबांचंही मन राहील.