दाजीपूरच्या रानात फिल फ्लॅश: पक्षी भडक येतो, मागचं रान काळं पडतं

करवीर_क्लिक
राधानगरी-दाजीपूरच्या बाजूला अंजनी-जांभळाच्या दाट राईत सकाळी सात-साडेसातला कर्णा आणि शीळकरी कस्तूर हे पक्षी दिसतात, पण उजेड फारच कमी. लेन्स १५०-६०० मिमी, शेवटच्या टोकाला एफ ६.३ (भिंग याहून जास्त उघडत नाही). शटर १/२०० ठेवलं की आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ६४०० लागतो आणि पिसांचा पोत नॉइजमध्ये, म्हणजे दाणेदारपणात जातो. कमी पडणारा उजेड भरून काढायला (फिल फ्लॅश) कॅमेऱ्यावर फ्लॅश लावून टीटीएल (कॅमेरा लेन्समधून उजेड मोजून फ्लॅशची ताकद आपोआप ठरवतो) वापरलं तर पक्षी भडक, मागे मध्यरात्र आणि डोळ्यात पांढरट चकाकी. शटर १/५०० केलं की फ्लॅश पोचतच नाही. अंतर साधारण १० मीटर. सेटिंग काय ठेवावं? फ्लॅशचा झोत एकवटून लांब नेणारा फ्रेनेल भिंगाचा एक्सटेंडर घेऊ का?

रानवाट
आधी मागचं रान काळं का पडतं ते बघा. फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाने घटतो. पक्षी १० मीटरवर आणि मागची झाडी २० मीटरवर असेल, तर झाडीला चौथा हिस्साच मिळतो. मागचं रान उजळायचं काम शटर आणि आयएसओचं आहे, ते फ्लॅशवर टाकू नका.

तुमच्या उजेडात आयएसओ ६४००, १/२०० हे पूर्ण एक्स्पोजर. मॅन्युअल मोडला आयएसओ १६०० आणि १/१०० ठेवा, म्हणजे रान फक्त एक स्टॉप कमी (अर्ध्या उजेडाचं) येईल. उरलेला अर्धा उजेड फ्लॅशने द्यायचा. फ्लॅशच्या २०० मिमी झूमला, आयएसओ १०० ला गाईड नंबर (फ्लॅशची ताकद: एफ गुणिले मीटरमधलं अंतर) ६० छापलेला असला तरी हिशोबाला ४५ धरा. आयएसओ १६०० ला तो चौपट, म्हणजे १८०. एफ ६.३ गुणिले १० मीटर म्हणजे ६३. ६३ भागिले १८०, त्याचा वर्ग साधारण १/८, म्हणजे फ्लॅशच्या पूर्ण ताकदीचा आठवा हिस्सा. एवढ्या पॉवरला फ्लॅश एकटाच पक्षी पूर्ण उजळेल. तुम्हाला अर्धाच हवाय, म्हणून १/१६ ला सुरुवात करा. हिस्टोग्राम (कॅमेऱ्यावरचा उजेडाचा आलेख) बघून एक पायरी इकडे-तिकडे.

आणि टीटीएलपेक्षा मॅन्युअल फ्लॅश बरा. कस्तूर काळानिळा, त्यामुळे टीटीएल त्याला करडा करायला जातं आणि खांद्यावरचा चकचकीत निळा डाग जळतो. स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर आला की उलटं होतं, तो मळकट येतो. अंतर ठरलेलं असेल तर मॅन्युअलला पिसांच्या रंगाने काही फरक पडत नाही.

पाणवठा
रानवाट यांच्या हिशोबाप्रमाणे १/१६ पुरत असेल तर एक्सटेंडरची गरजच नाही. आयएसओ ४०० वर किंवा २५-३० मीटरवर काम करायचं असेल तरच तो घ्या. घेतलात तर फ्लॅशचा झूम ५० मिमीला ठेवायचा, नाहीतर भिंगाला पूर्ण उजेड मिळत नाही. झोत अरुंद होतो, म्हणून आधी १० मीटरवरच्या भिंतीवर मारून बघा. फोकसचा बिंदू आणि झोताचा मध्य जुळले पाहिजेत, इंचभर वाकडं असलं तरी पक्षी झोताच्या कडेला जातो. आणि उन्हात चालताना भिंग काढूनच ठेवा. सूर्य त्यातून फ्लॅशच्या तोंडावर एकवटला तर प्लॅस्टिक वितळतं.

१/५०० ला काय होतं तेही सांगतो. १/२०० किंवा १/२५० च्या पुढे हायस्पीड सिंक लागतं. त्यात फ्लॅश एकदम न पेटता बारीक बारीक ठोक्यांत पेटत राहतो. सुरुवातीलाच दोनेक स्टॉप जातात, मग शटर जेवढं वाढवाल तेवढं आणखी. अंधाऱ्या रानात त्याचा उपयोग नाही.

करवीर_क्लिक
१/१०० ला ट्रायपॉडवरही कस्तुराच्या शेपटीला दुहेरी कड येते. ती कशी टाळायची?

रानवाट
१/१६ ला फ्लॅश सेकंदाच्या साधारण दहा हजाराव्या भागापुरता पेटतो, म्हणून त्याची प्रतिमा धारदार. रानाचा उजेड मात्र १/१०० सेकंदभर पडत राहतो, त्यात शेपूट हलली की मागे सावली उरते. कस्तूर शेपूट उघडून मिटतो, त्या दोन हालचालींमधल्या थांब्यात तीन-चार फ्रेम घ्या. तरी जमत नसेल तर शटर १/२०० करा, रान दोन स्टॉप कमी येईल, आणि फ्लॅश १/८ च्या जरा खाली.

तेव्हा जागा निवडणं महत्त्वाचं. फांदीच्या मागे दीड-दोन मीटरवरच पानं असतील तर १२ मीटरवर फ्लॅश जेमतेम अर्धा स्टॉप घटतो आणि पार्श्वभूमी हिरवी राहते. उलट, पुढे आलेलं पान घातक. ५ मीटरवरच्या पानावर पक्ष्याच्या चौपट उजेड पडतो आणि ते भगभगीत पांढरं होतं.

सह्याद्री_टीप
डोळ्यातल्या चकाकीचं राहिलं. अंधारात बाहुली मोठी असते, लेन्सच्या अगदी जवळून उजेड गेला की तो डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून सरळ परत येतो. टीटीएल केबल आणि ब्रॅकेट लावून फ्लॅश लेन्सच्या १५-२० सेंमी वर न्या, चकाकी बरीच कमी होते. धुक्यात-भुरभुरीत थेंबांचे पांढरे ठिपके येतात, तेही अशाने घटतात.

फ्लॅशचा रंग सुमारे ५५०० केल्विन. संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात पक्षी निळसर वेगळा दिसतो, तेव्हा अर्ध्या ताकदीचं नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक कागद) फ्लॅशवर चिकटवा.

घरट्यावर, पिलांवर फ्लॅश नकोच. घुबड, रातव्यावरही नको, त्यांचे डोळे अंधाराला सरावलेले असतात. एकाच पक्ष्यावर दहा-बारा फ्रेमच्या पुढे जाऊ नका. तो अंग आखडून बसला किंवा जागा सोडायला लागला की लगेच बंद. अभयारण्यात फ्लॅश चालतो का ते आत जाण्याआधी वनखात्याच्या नाक्यावर विचारा.

रानात जाण्याआधी संध्याकाळी अंगणातल्या आंब्याच्या फांदीवर काळा मोजा आणि पांढरा रुमाल टांगा, १० मीटर मोजून उभे राहा आणि १/६४ पासून १/४ पर्यंत प्रत्येक पायरी काढून बघा. सेल रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइडचेच घ्या, साधे अल्कलाइन फ्लॅश पुन्हा भरायला फार वेळ लावतात. चारचा एक जादा संच खिशात असू द्या.