शब्दचर्चा : 'कॉम्पोट'ला मराठीत काय म्हणावं?

शाईपेन : एका पाककृतीचा अनुवाद करतेय. चीजकेकवर किंवा आइस्क्रीमवर घालायला बेरी साखरेत शिजवून जे कॉम्पोट करतात, त्याला मराठी शब्द हवाय. 'मुरांबा' लिहिलं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भलतंच येईल. 'जॅम'ही नव्हे. आणि तो कॉम्पोट की ते कॉम्पोट?

रटरट : मुरांबा नकोच. मुरांबा काय, जॅम काय, टिकवायचे पदार्थ. जॅममध्ये शेवटी ६०-६५ टक्के साखर असते, १०४-१०५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्यावर फळातलं पेक्टिन हे घट्टपणा आणणारं द्रव्य आंबटपणाच्या आणि साखरेच्या जोरावर जमतं. कॉम्पोटला अर्धा किलो बेरींमागे ७५ ते १०० ग्रॅम साखर पुरते. दहा-बारा मिनिटांत होतं, फ्रिजमध्ये आठवडाभरात संपवायचं. टिकाऊपणा सुचवणारा कुठलाही शब्द इथे दिशाभूल करणार.

अनुस्वार : शब्द फ्रेंच, मूळ लॅटिन. अर्थ एकत्र ठेवलेलं, रचलेलं. 'कंपोस्ट' त्याचाच सख्खा भाऊ, तेव्हा मुद्रितं जरा डोळ्यांत तेल घालून तपासा. पूर्व युरोपात मात्र 'कोम्पोत' म्हणजे फळं भरपूर पाण्यात उकळून केलेलं पेय. मूळ पाककृती तिकडची असेल तर सगळंच बदलेल. माझ्याकडून सूचना : 'फळपाक'.

रटरट : 'पाक' म्हटलं की लोक दोन बोटांत तार बघायला लागतील. इथे तार येऊ द्यायचीच नाही. 'अवलेह' असं कुणी सुचवायच्या आधीच सांगतो, चीजकेकवर अवलेह घातला तर खाणारा आधी विचारेल, जेवणापूर्वी की नंतर?

शाईपेन : हसले. पण कृतीतल्या पायऱ्या लिहितानाही अडते आहे. 'साखर घालून ठेवा, मंद उकळा, दाट करा' असं लिहिलंय. बेचव वाटतं.

मंदआच : नाव 'कॉम्पोट'च राहू द्या. क्रियापदं मात्र आपली घाला, तिथे मराठी श्रीमंत आहे. 'साखर घालून ठेवा' कशाला? 'साखरेत मुरू द्या' लिहा. अर्ध्या तासात साखर फळातलं पाणी बाहेर ओढते, मग वरून पाणी घालावंच लागत नाही. फ्रीझरमधल्या बेरी असतील तर मुरवायची गरज नाही. बर्फाच्या स्फटिकांनी त्यांच्या पेशी आधीच फुटलेल्या असतात, आचेवर ठेवल्या की रस सुटतो.

पुढे 'दाट करा' नको, 'रस थोडा आळू द्या' म्हणा. आळणे म्हणजे आटता आटता अंगात घट्टपणा येणे. कुठे थांबायचं ते 'सरसरीत' या शब्दात येतं. गरम असताना कॉम्पोट सरसरीतच दिसायला हवं, गार झाल्यावर ते आपोआप दाटतं. भांड्यातच हवं तसं घट्ट होईपर्यंत वाट पाहिली की सकाळी फ्रिजमध्ये जॅम सापडतो. कॉर्नफ्लोअर वापरत असाल तर 'घाला' नको, 'लावा'. पीठ लावणे हा प्रयोग त्यासाठीच आहे. गार पाण्यात कालवून लावायचं आणि मिनिटभर उकळी आणायची, नाहीतर कच्चट लागतं.

अजून एक. 'ढवळत राहा' अजिबात लिहू नका. रास्पबेरी ढवळली की संपली. 'भांडं अधूनमधून हलवा' पुरे. एक तृतीयांश बेरी बाजूला ठेवून आच बंद केल्यावर घातल्या, तर त्या अख्ख्या दिसतात. लिंबूही तेव्हाच पिळा. लाल-जांभळ्या बेरींचा रंग आंबटपणात लालीकडे झुकतो, त्याला 'रंग खुलतो' हे छान बसेल.

अनुस्वार : 'फळपाक' मागे घेतो. लिंगाबद्दल : जॅम तो, सॉस तो, पण सूप ते आणि आइस्क्रीमही ते. नियम शोधू नका, कानाला विचारा. मला 'ते' बरं वाटतं. सामान्यरूप 'कॉम्पोटाचा' व्याकरणशुद्ध असलं तरी बोलताना 'कॉम्पोटचा'च येतं. बेरीचं अनेकवचन नियमाने 'बेऱ्या', पण छापील मजकुरात 'बेरी'च तसाच ठेवलेला बरा. 'बेरीज' मात्र नको. 'दोन वाट्या बेरीज घ्या' वाचून माणूस पाटी-पेन्सिल शोधेल.

शाईपेन : 'आळू द्या' आणि 'सरसरीत' उचलले. मूळ कृतीत शेवटी ब्लॅकबेरीच्या बिया काढायला सगळं गाळून घ्यायला सांगितलंय. तिथेही कॉम्पोटच लिहू?

मंदआच : गाळलं की ते कॉम्पोट राहत नाही, त्याला 'कूली' (coulis) म्हणतात. कॉम्पोटमध्ये फळ दिसायला हवं, अख्खं नाहीतर फोडी तरी. लेखकाने दोन्हींना एकच नाव दिलं असेल तर तुम्ही तळटीप द्या.