ब्रुअर्स २०२५: ५३-१६ ची घोडदौड खरी, की ऑक्टोबरमधले चार सामने खरे?

डगआऊटकट्टा

अमेरिकन बेसबॉलमधला मिल्वॉकी ब्रुअर्स संघ ऑक्टोबरच्या लीग फायनलमध्ये डॉजर्सकडून ०-४ हरला आणि २०२५ चा मोसम संपला. तेव्हापासून एकच पालुपद ऐकू येतं: उन्हाळ्यातले विजय फुकाचे होते, दुबळ्या संघांना झोडपून मिळवलेले. मला हे मुळीच पटत नाही, म्हणून हा धागा.

सुरुवात पार वाईट झाली होती. पहिले चार सामने हरले, त्यांत ४७ धावा दिल्या. यँकीजनी ब्रुअर्सचा पिचर (चेंडू टाकणारा) नेस्टर कोर्टेस याच्या पहिल्या तीन चेंडूंवर तीन होमरन (मैदानाबाहेर मारलेले फटके) मारले. मे संपत आला तेव्हा संघ २५ विजय, २८ पराभवांवर होता. तिथून १६ ऑगस्टपर्यंत ५३ विजय आणि १६ पराभव! जुलैत सलग ११, ऑगस्टमध्ये सलग १४. आधीचा संघाचा विक्रम १९८७ मधला, १३ विजयांचा. सलग १२ जिंकले की जॉर्ज वेब हॉटेलं गावाला फुकट बर्गर वाटतात, तेही वाटून झाले. शेवटी ९७ विजय. संघाच्या इतिहासात एवढे कधीच नव्हते.

यात नशीब किती, हे तपासायचा सोपा मार्ग आहे. केलेल्या धावांचा वर्ग घ्या आणि त्याला केलेल्या व दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागा. धावा केल्या ८०६, दिल्या ६३४. उत्तर येतं ०.६१८, म्हणजे १६२ सामन्यांत १०० विजय. प्रत्यक्षात मिळाले ९७. नशीब पाठीशी असतं तर मिळालेले विजय हिशेबापेक्षा जास्त दिसले असते, इथे ते तीनने कमी आहेत.

आणि दुबळे संघ म्हणजे कोण? डॉजर्सना साखळी फेरीत सहापैकी सहा वेळा हरवलं. ७ जुलैला त्यांचा पिचर यामामोटो पहिल्या इनिंगमध्ये (तीन बादच्या डावात) दोनच बाद करू शकला आणि पाच धावा देऊन परतला.

नऊ_इनिंग

यामामोटोचं नाव तुम्हीच काढलंत ते बरं झालं. लीग फायनलच्या दुसऱ्या सामन्यात आपल्या चौरिओने त्याच्या पहिल्याच चेंडूवर होमरन मारला, आणि त्यानंतर ब्रुअर्सना एकही धाव मिळाली नाही. नऊच्या नऊ इनिंग त्यानेच टाकल्या, १११ चेंडूंत. जुलैचा यामामोटो खरा की हा?

जुलैत डॉजर्सकडे पिचर ब्लेक स्नेल नव्हता, बॅटर मॅक्स मन्सी नव्हता, ओहतानी जेमतेम काही इनिंग टाकत होता. अर्ध्या संघाला सहा वेळा हरवणं मोठं आहे, पण तो पूर्ण संघाविरुद्धचा पुरावा होत नाही. शिवाय तुम्ही १६ ऑगस्टला हिशेब बंद केलात. तेव्हा ७८-४४ होते, शेवट झाला ९७-६५ वर. म्हणजे उरलेल्या ४० सामन्यांत १९-२१. घोडदौड ऑक्टोबरच्या कितीतरी आधीच थांबली होती.

माझा मूळ आक्षेप पद्धतीवर आहे. होमरनच्या यादीत हा संघ खालच्या अर्ध्यात. धावा यायच्या त्या एकामागून एक फटके आणि वॉक (चार वाईट चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस) जोडून. बॅटर बेसवर (धाव पुरी करण्याच्या वाटेवरच्या टप्प्यावर) पोचण्याची शक्यता ३३ टक्के धरली, तर सलग तिघे पोचण्याची शक्यता होते साधारण ३.६ टक्के. अव्वल पिचरसमोर ती ३३ ची २२ झाली की सलग तिघांची उरते जेमतेम १.१ टक्के. एकेकाची शक्यता एक तृतीयांशाने घटते, साखळीची मात्र दोन तृतीयांशांहून जास्त. होमरन मारणाऱ्या संघाला साखळी लागत नाही, एक चेंडू पुरतो. चार सामन्यांत चार धावा आणि .११८ ची सरासरी (शंभर प्रयत्नांत जेमतेम बारा यशस्वी फटके), यामागचं गणित हे आहे.

खालचा_क्रम

गणित बरोबर आहे, पण ब्रुअर्सची पद्धत त्यात पूर्ण बसत नाही. या संघाचं कसब फटक्याआधी सुरू होतं. स्ट्राइक झोनबाहेरच्या (फटक्याच्या टापूबाहेर पडणाऱ्या) चेंडूला बॅट न लावणाऱ्यांत हा संघ अगदी वरचा. त्यातून पिचरचे चेंडू वाढतात, पाचव्या-सहाव्या इनिंगला तो संपतो आणि मधल्या फळीचे रिलीव्हर (मागाहून येणारे पिचर) यावे लागतात. फ्रीलिक, टुरँग, डर्बिन, कॉलिन्स ही मंडळी तिथे धावा काढायची. बेस चोरण्याचाही (फटक्याची वाट न बघता पुढच्या बेसवर धावण्याचाही) हिशेब आहे. कोणी बाद नसताना पहिल्या बेसवर रनर असेल तर त्या इनिंगमध्ये सरासरी सुमारे ०.८६ धावा येतात. तो दुसऱ्या बेसवर असेल तर १.१, आणि चोरताना बाद झाला तर उरतात ०.२६. म्हणजे दहात सात-साडेसात वेळा चोरी जमली तरच ती परवडते. प्रशिक्षक मर्फीची पोरं धावायची ती हे बघून.

स्नेलने पहिल्या सामन्यात नेमका हाच धागा तोडला. एरवी सोडून देणारे बॅटर त्याच्या चेंजअपला (फसव्या संथ चेंडूला) फसले. आठ इनिंग, एक हिट, दहा स्ट्राइकआऊट (फटका न लागता बाद), वॉक शून्य. हे कोणाविरुद्धही चाललं असतं.

आणि त्याच सामन्यातली चौथी इनिंग बघा. बेस भरलेले, एक बाद. मन्सीचा फटका मधल्या मैदानाच्या भिंतीवर, फ्रीलिकच्या ग्लव्हला लागून चेंडू भिंतीवर आपटला आणि मग त्याने तो पकडला. भिंतीला लागला म्हणजे झेल नाही, म्हणजे रनरना पुढच्या बेसवर धावणं भाग. डॉजर्सचे रनर झेल समजून अडखळले. फ्रीलिककडून ऑर्टिझ, ऑर्टिझकडून कॉन्ट्रेरास, होम प्लेटवर एक बाद. कॉन्ट्रेरास तिथे थांबला नाही. दुसऱ्या बेसवरचा रनर तिथेच उभा आहे हे बघून तो स्वतः धावत तिसऱ्या बेसवर गेला आणि पाय टेकवला, दुसरा बाद! नियम डोक्यात पक्का असल्याशिवाय ऐन गोंधळात हे सुचत नाही. ५३-१६ अशाच गोष्टींतून येतं.

नऊ_इनिंग

तो डबल प्ले अप्रतिमच होता. पण त्याच सामन्याची नववी इनिंगही सांगा. २-१, दोन बाद, बेस भरलेले, समोर डॉजर्सचा पिचर ट्रायनेन. एक स्लायडर (वळणारा चेंडू) टुरँगच्या अंगावर येतो. लागू दिला असता तर त्याला बेस मिळून बरोबरीची धाव आपोआप आली असती. त्याने मागे उडी मारली आणि पुढे उंच चेंडूवर स्ट्राइकआऊट झाला. दोष देत नाही, अंगावर चेंडू आला की शरीर हलतंच. पण स्नेल जाऊन रिलीव्हर आल्यावर, म्हणजे तुम्ही म्हणता तशी परिस्थिती अखेर आल्यावरही, मिळाली एकच धाव.

बुलपेनवाला

दोघेही बॅटिंगवरच बोलताय. ती घोडदौड पिचरांच्या खोलीवर उभी होती. ६ जुलैला ब्रँडन वुडरफ परतला. त्याआधी संघ ४९-४०, तिथून १६ ऑगस्टपर्यंत २९-४! पेराल्टा १७-६ (विजय-पराभव), प्रिस्टर १३-३, मिझोरोव्स्की जूनमध्ये आला, शेवटच्या इनिंगना युरिबे आणि मेगिल. एक थकला की दुसरा तयार.

सप्टेंबरमध्ये वुडरफचा पाठीचा स्नायू दुखावला आणि तो ऑक्टोबरला मुकला. मेगिलही हाताच्या दुखण्याने बाहेर बसून अगदी शेवटी परतला. मग पहिल्या आणि तिसऱ्या सामन्याला अ‍ॅशबी ओपनर (फक्त सुरुवातीला टाकणारा पिचर), त्यामागे प्रिस्टर किंवा मिझोरोव्स्की. ओपनरने सुरुवात केली की एका सामन्यात चार-पाच पिचर खर्ची पडतात. १९-२१ चं उत्तरही बरंचसं इथेच आहे.

नऊ_इनिंग

चार सामन्यांत २, ५, ३, ५ अशा १५ धावा दिल्या. डॉजर्सच्या त्या बॅटिंगसमोर हे चांगलंच काम म्हणायचं. पिचरांनी हरवलं नाही. हरवलं ते ३१ जुलैने, खेळाडू अदलाबदलीच्या शेवटच्या दिवसाने. संघ तेव्हा ऐन भरात होता, तरी मोठा बॅटर घेतला नाही. डॅनी जॅन्सन हा दुसरा कॅचर, शेल्बी मिलर हा रिलीव्हर, बस्स. युहेनियो सुआरेझ बाजारात होता, त्या मोसमात त्याने ४९ होमरन मारले. तो गेला सिअ‍ॅटलला.

डगआऊटकट्टा

सिअ‍ॅटलला जाऊन साखळी फेरीत त्याची सरासरी राहिली .१८९. लीग फायनलमध्ये त्याने ग्रँड स्लॅम (बेस भरलेले असताना होमरन) मारला हे खरं, पण त्याच्यासाठी डर्बिनला बाहेर बसवावं लागलं असतं आणि तरुण खेळाडू द्यावे लागले असते. बाहेरून आणायचाच तर अँड्र्यू व्हॉनसारखा. हॉस्किन्सचा अंगठा दुखावला म्हणून त्याला वर बोलावलं आणि पहिल्याच बॅटिंगला त्याने यामामोटोला तीन धावांचा होमरन मारला. सलग १४ जिंकले तेव्हा तर चौरिओ मांडीच्या दुखापतीने बाहेर होता. १५ ऑगस्टला सिन्सिनाटीत ८-१ मागे पडून १०-८ जिंकले, तेही त्याच्याशिवाय.

नऊ_इनिंग

मग लीग फायनलआधीच्या फेरीतला कब्जविरुद्धचा पाचवा सामना आठवा. ३-१ जिंकलो, तिन्ही धावा होमरनच्या: कॉन्ट्रेरास, व्हॉन, टुरँग. तिन्ही वेळा दोन बाद झालेले, बेसवर कोणी नाही. ऑक्टोबरमधली आपली सर्वांत मोठी रात्र फटक्यांच्या साखळीवर जिंकलीच नव्हती.

खालचा_क्रम

आणि त्याच रात्री मिझोरोव्स्कीने रिलीफमध्ये चार इनिंग टाकल्या, म्हणून तीन धावा पुरल्या. ताकदीचे बॅटर हवेत हे मान्य. पण त्यासाठी डर्बिन-फ्रीलिकची जागा मोडू नये, पहिल्या बेसवर आणि डीएचला (फक्त बॅटिंग करणाऱ्याच्या जागी) शोधावेत. तिथे फील्डिंगचं नुकसान सर्वांत कमी होतं.